बदाम की चौकट

पहिल्यांदा कळलं ते दवाखान्यात नाही,
दवाखान्यामागच्या झाडाखाली,
पेन्शनच्या गुरुवारी पत्त्यांचा डाव बसतो तिथे.
डल्सी मावशीने बदामावर चौकट टाकली
आणि हात पुढे केला पैसे ओढायला.
कोणी काही बोललं नाही.
पुढच्या डावात पुन्हा तेच. मग
नेव्हिलचा धाकटा तिच्या मागे जाऊन बसला,
पाठीवर बोटाने सांगू लागला:
एक टिचकी बदाम, दोन चौकट.
मावशीने उभ्या जन्मात पत्त्यांत कुणाला फसवलं नव्हतं.
फसवलं होतं.
पण स्वतःच्या डोळ्यांनी.

मी तिला आत बोलावलं.
मी इथली आरोग्यसेविका, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी;
आमच्यात मावशी म्हणजे आईच, म्हणून ती आली.
भिंतीवरचा तक्ता तिने घडाघडा म्हटला:
वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे,
पार शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत.
मी तक्ता उलटा टांगला.
तिने तेच म्हटलं, त्याच चालीत.
बाकावर नंबराची वाट बघता बघता
इतरांच्या तोंडून पाठ झाला होता.

खोलीत अंधार केला.
हनुवटी टेकव. कपाळ पुढे. मिटू नकोस, मावशी.
उजव्या डोळ्याचा तळ पडद्यावर आला,
तांबडा, विमानातून आपली जमीन दिसते तसा,
सुक्या नद्यांना फांद्या फुटलेल्या
आणि मधेमधे रक्ताचे ठिपके. साखरेचे.
डाव्याचा फोटो आलाच नाही, नुसतं दूध सांडलेलं.
"दाखव," ती म्हणाली.
मी पडदा तिच्याकडे वळवला.
मग माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते.

फोटो शहरात गेले. उत्तर आलं: तातडीचं.
डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून दोनदा येतात.
एप्रिलात विमान उतरलं नाही, धावपट्टीवर पाणी.
ऑक्टोबरात डॉक्टर आले, लेझरचं यंत्र आलं नाही.
मी फोन लावत राहिले, पलीकडे
दर वेळी नवा आवाज, जुना शब्द: बघू.
मावशीला सांगितलं तर म्हणाली,
"ज्यांना दिसतं, तेच कसे गं म्हणतात, बघू?"

अ‍ॅलिसला जायला मात्र ती तयार नव्हती.
तिची थोरली, रूबेना, किडनीच्या यंत्रासाठी गेली होती,
आठवड्यातून तीनदा, अकरा वर्षं,
परत आली ती पेटीतून.
मी काय समजावणार? पेटी उतरवायला मीही होते.

त्याच महिन्यात शाळेत पोरांच्या पापण्या उलटून बघितल्या.
भिंतीवर नवंकोरं चित्र: तोंड धुवा, डोळे जपा.
सात घरांचे नळ उन्हाळ्यापासून कोरडे.
चित्र दर वर्षी येतं.
प्लंबरला लांब पडतं.

शेवटी गेलो आम्ही दोघी. का तयार झाली,
मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
नऊ तास बस, मांडीवर तिची उशी,
घरच्या धुराचा वास असलेली.
दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या डोळ्याची पट्टी निघाली.
नर्सकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. गप्प.
मग पत्ते मागितले.
पेट्रोल पंपावरून आणलेला जोड
तिने पलंगावर पसरला, बावन्नच्या बावन्न,
बदाम एकीकडे, चौकट एकीकडे,
इस्पिक आणि किलवरला तिने हातही लावला नाही.
उजवा गेला तेवढा गेला.
डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आली असती तर.
मी त्यांना तारखा सांगितल्या, एकेक.

गुरुवारी झाडाखाली ती चाळीस डॉलर हरली.
नेव्हिलचा धाकटा सवयीने मागे बसला होता;
तिने त्याला दंडाला धरून पुढे ओढलं,
हनुवटी उचलून तोंड उजेडाकडे फिरवलं,
बराच वेळ निरखलं.
मग माझ्यावर खेकसली:
"याच्या पापण्या चिकटल्यात सगळ्या.
तुझे डोळे कुठे होते?"

मी दवाखान्याच्या चाव्या शोधू लागले.